नॅसवर एफटीपी लॉगिन होतंय पण फाइली दिसत नाहीत: काय काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात प्रिंटिंग प्रेस, फोटो स्टुडिओ, सीए ऑफिसं आणि एमआयडीसीतले छोटे कारखाने यांच्याकडं नॅस (नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइली ठेवायचा डबा) बसवून देणं आणि ते चालू ठेवणं हे माझं रोजचं काम. त्यात एक तक्रार फिरून फिरून येते, "दादा, एफटीपी बंद पडलंय." एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाइली न्यायची-आणायची पद्धत. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई लागली की स्टुडिओवाल्यांचे फोन वाढतात, मार्चएंडला सीए लोकांचे. बहुतेक ठिकाणी नॅस ठणठणीत असतो, त्याच्या आसपासचं काहीतरी हललेलं असतं. म्हणून पहिल्यांदाच सांगतो, नॅसच्या मागचं रीसेटचं बटण दाबू नका. त्यानं एफटीपी तर चालू होत नाहीच, वर नेटवर्कची सेटिंग जाते, आणि काही मॉडेलमध्ये जास्त वेळ दाबलं की यूजर आणि परमिशनपण साफ होतात.

आधी लक्षण नीट ओळखा

"चालत नाही" म्हणून सांगितलं तर कुणालाच काही कळत नाही, नेमकं कुठं अडतंय ते बघा.

- कनेक्टच होत नाही, "कनेक्शन टाइम आउट" किंवा "रिफ्यूज्ड" येतं. लाइट जाऊन आल्यावर हे जास्त.
- कनेक्ट होतं पण सर्व्हरकडून ५३० हा कोड येतो, म्हणजे लॉगिन नाकारलं.
- लॉगिन होतं, वेलकम येतं, मग फोल्डरची यादी मागितली की गप्प. फाइलझिला (कॉम्प्युटरवरचा एफटीपीचा प्रोग्राम) २० सेकंद वाट बघतं आणि "डिरेक्टरी लिस्टिंग मिळाली नाही" म्हणतं. कधी ४२५ येतं. हा सगळ्यात कॉमन प्रकार.
- ऑफिसमधून मस्त चालतं, बाहेरून नाही.
- फाइल उतरते पण चढत नाही, ५५० किंवा ५५२ येतं.
- फाइल चढते पण उघडत नाही, किंवा मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी

ब्राउझरमध्ये एफटीपीचा पत्ता टाकून उघडत नाही म्हणून सर्व्हर बंद समजू नका. फायरफॉक्सनं जुलै २०२१ मध्ये आणि क्रोमनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफटीपी काढूनच टाकलं, त्यामुळं आता ब्राउझरमधून ते कधीच उघडणार नाही. विंडोजच्या काळ्या स्क्रीनवरची एफटीपी कमांड पण टेस्टला घेऊ नका, तिला पॅसिव्ह मोड येतच नाही (पॅसिव्ह म्हणजे काय ते खाली सांगतो), त्यामुळं चांगल्या सर्व्हरवर पण ती अडकते. फाइलझिला किंवा विनएससीपी घ्या, दोन्ही फुकट आहेत. फाइलझिलात वरच्या बाजूला जो लॉग पळत असतो तो बंद करून ठेवू नका, निम्मं उत्तर तिथंच लिहिलेलं असतं.

मग नॅसजवळ जाऊन बघा. लॅनच्या सॉकेटचा दिवा लुकलुकतोय का? केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा, नसेल पटत तर केबलच बदला. प्रेसमध्ये कागदाच्या रिमाखाली दबलेली केबल आणि उंदरानं कुरतडलेली केबल हे दोन्ही नेहमीचं आहे, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या केबलपायी लोक नॅस उघडायला निघतात.

लाइट गेल्यावर पत्ता बदलला का

हा दुसऱ्या नंबरचा कॉमन प्रकार. लाइट येते तेव्हा नॅस आणि राउटर एकदमच चालू होतात. राउटर अजून उठायचाच असतो तोवर नॅस पत्ता मागतो, मिळत नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. १६९.२५४ दिसलं की समजायचं, राउटरशी बोलणं झालेलं नाही. नाहीतर राउटर नवा पत्ता देतो, काल १९२.१६८.१.५० होता तो आज १९२.१६८.१.५७ झाला, आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर, झेरॉक्स मशीनमध्ये जुनाच पत्ता सेव्ह केलेला.

राउटरच्या पेजवर जाऊन कनेक्ट झालेल्या डिव्हाइसची यादी बघा, नॅसचा आत्ताचा पत्ता तिथं मिळतो. त्या पत्त्यानं एफटीपी लागलं की झालं, बाकी काही बिघडलेलं नव्हतं. पण परत लाइट गेली की परत हेच, म्हणून राउटरमध्येच नॅसचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक डिव्हाइसचा ठरलेला ओळख नंबर) टाकून पत्ता कायमचा राखून ठेवा. नॅसमध्ये हातानं पत्ता टाकण्यापेक्षा हे बरं, कारण राउटर तोच पत्ता दुसऱ्या मोबाइलला देऊन बसत नाही. पत्ता राखून पण १६९.२५४ येतच राहिला तर राउटरलाच छोटा यूपीएस लावा. नॅसला यूपीएस लावून राउटर तसाच सोडलेला मी कितीतरी ठिकाणी बघतो, तिथं लाइट गेली की नॅस चालू आणि नेटवर्क बंद.

एफटीपी सर्व्हिस स्वतःहून चालू होते का तेही बघून घ्या. नॅसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल सर्व्हिसच्या खाली एफटीपीचा टिक असतो. अपडेटनंतर कधीकधी तो निघालेला असतो.

५३० आलं तर पासवर्डच्या पुढं बघा

पासवर्ड बरोबर आहे असं सगळेच सांगतात आणि बऱ्याचदा तो बरोबर असतोही. तरी ५३० येण्याची दोन कारणं असतात. एक, त्या यूजरला शेअर फोल्डरची परवानगी दिलेली असते पण एफटीपी वापरायची परवानगी वेगळी असते आणि ती दिलेली नसते. दुसरं कारण जास्त छळतं.

एका ऑफिसात नॅसचा पासवर्ड बदलला, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नवीन टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून थोड्या थोड्या वेळानं निम्म्या ऑफिसचं एफटीपी बंद. नॅसच्या लॉगमध्ये बघितलं तर चुकीच्या पासवर्डच्या ओळींची रांग लागलेली, सगळ्या एकाच पत्त्यावरून, आणि शोधत गेल्यावर ते काम निघालं कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनचं. स्कॅन करून थेट नॅसवर टाकायची सेटिंग त्यात होती आणि पासवर्ड जुनाच राहिलेला. आता नॅसमध्ये ऑटो ब्लॉक नावाची सोय असते, ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता बंद. नुसतं मशीन बंद झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण इथं मशीन आणि निम्मे कॉम्प्युटर दुसऱ्या राउटरच्या मागं होते, म्हणून नॅसला ते सगळे एकच पत्ता वाटत होते आणि एकाच्या पायी सगळे ब्लॉक. बाहेरच्या ब्रँचचं पण असंच होतं, पूर्ण ब्रँच इंटरनेटवर एकाच पत्त्यानं दिसते.

तर ब्लॉक लिस्ट उघडा, आपला पत्ता काढा, आणि जुना पासवर्ड कुठं राहिलाय तो शोधा. झेरॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, जुना लॅपटॉप, मोबाइलमधलं अ‍ॅप. ऑटो ब्लॉक वैतागून बंद करू नका, बाहेरून पासवर्ड आपटत बसणारे बॉट थांबवणारी तीच एक गोष्ट असते. जुन्या झेरॉक्स मशीनला लांबलचक किंवा चिन्हांचा पासवर्ड नीट घेता येत नाही, तिच्यासाठी वेगळा यूजर करा आणि त्याला फक्त स्कॅनचा एकच फोल्डर द्या.

चढत नसेल तर जागा आणि परवानगी

५५२ म्हणजे कोटा किंवा जागा संपली. इथं लोक फाइली डिलीट करतात आणि जागा वाढतच नाही म्हणून घाबरतात. नॅसला रीसायकल बिन असतो, त्यातून पण काढायला लागतं, आणि स्नॅपशॉट (ठरावीक वेळेच्या फाइली जशाच्या तशा धरून ठेवायची सोय) चालू असतील तर जुन्या स्नॅपशॉटमध्ये त्याच फाइली धरून ठेवलेल्या असतात. स्नॅपशॉट काढायच्या आधी बॅकअप कुठं आहे ते विचारून घ्या. व्हॉल्यूम (नॅसमधली फाइली ठेवायची जागा) काठोकाठ भरू देऊ नका, नव्वद टक्क्यांच्या पुढं गेला की नॅस हळू पडायला लागतो आणि मग लोक नेटला दोष देतात.

५५० म्हणजे परवानगी नाही किंवा तो फोल्डरच नाही. वाचायची परवानगी आणि लिहायची परवानगी वेगवेगळी, तेवढं बघितलं की बहुतेक सुटतं.

फोटो चढतो पण उघडत नाही तेव्हा ट्रान्सफर मोड बघा. आस्की मोडमध्ये ओळींची शेवटची अक्षरं बदलली जातात, टेक्स्टला ते चालतं, जेपीजी किंवा पीडीएफची मात्र वाट लागते. बायनरी ठेवा. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये कॅरेक्टर सेटच्या टॅबवर यूटीएफ-८ सक्तीनं लावा आणि नॅसच्या एफटीपी सेटिंगमध्ये पण तेच. पत्रिकांच्या फाइली मराठी नावानं पाठवणाऱ्या प्रेसवाल्यांना हे कायम लागतं.

लॉगिन होतं, यादी येत नाही: खरी गोची इथं

हे समजून घ्या, कारण इथं माणसं दिवस घालवतात. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात. एक बोलायचं, पोर्ट २१ वर (हा पोर्ट म्हणजे केबलचं सॉकेट नव्हे, आत यायच्या दाराचा नंबर), यूजर-पासवर्ड आणि कमांड त्यावरून जातात. दुसरं माल न्यायचं, आणि फोल्डरची यादी पण मालच धरली जाते. म्हणून लॉगिन होतं आणि यादी येत नाही, पहिलं कनेक्शन लागलेलं असतं, दुसरं लागत नाही.

असं का केलं तर त्या काळात राउटरचा अडथळाच नव्हता. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ चा, तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे. आज वापरतो तो नियम १९८५ चा. आणि एका पत्त्यामागं सगळं ऑफिस लपवणारा नॅट आला १९९४ साली. एफटीपी जुना, नॅट नंतरचा, त्यामुळं भांडण ठरलेलंच.

अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये सर्व्हर उलटा तुमच्या कॉम्प्युटरकडं कनेक्शन करायला बघतो, तुमचा राउटर आणि फायरवॉल त्याला दारातच अडवतात. म्हणून पॅसिव्ह. पॅसिव्हमध्ये सर्व्हर म्हणतो "मी या पोर्टवर थांबलोय, तूच ये". फाइलझिलात पॅसिव्ह आहे ना ते आधी बघा, एक क्लिकचं काम आहे.

पॅसिव्ह असून अडकत असेल तर लॉगमध्ये २२७ नं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी स्वल्पविरामांनी सहा आकडे असतात, समजा १९२,१६८,१,५०,१९५,८५. पहिले चार म्हणजे पत्ता, १९२.१६८.१.५०. शेवटच्या दोनांवरून पोर्ट निघतो, पाचवा गुणिले २५६ अधिक सहावा, १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, त्यात ८५, म्हणजे ५०००५. या एका ओळीत दोन्ही दोष दिसतात. पुण्यात बसलेल्या डिझायनरला सर्व्हर १९२.१६८ चा पत्ता देत असेल तर तो पत्ता त्याच्या घरातल्याच नेटवर्कमध्ये शोधला जाणार, सांगलीला पोचणारच नाही. फाइलझिला असा पत्ता ओळखून स्वतः दुरुस्त करून घेतं, पण सगळे प्रोग्राम आणि मशिनं करत नाहीत, म्हणून "एकाकडं चालतं, दुसऱ्याकडं नाही" असं होतं. पत्ता बरोबर असून पोर्ट ५०००५ राउटरमध्ये उघडाच नसेल तरी तेच, २० सेकंद गप्प आणि मग टाइमआउट.

उपाय असा. नॅसच्या एफटीपी सेटिंगमध्ये पॅसिव्ह पोर्टची रेंज स्वतः ठरवून टाका, समजा ५०००० ते ५००५०. तीच्या तीच रेंज राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडं वळवायची सोय) नॅसच्या पत्त्यावर पाठवा, सोबत २१ पण. नॅसमध्ये फायरवॉल चालू असेल तर तिथंही उघडा. बाहेरचा पत्ता कळवायची सोय असते, पॅसिव्ह मोडमध्ये बाहेरचा आयपी द्या अशा अर्थाचा टिक, तो लावा. आयपी बदलत असेल तर डीडीएनएसचं नाव घ्या, आयपी बदलला तरी ते नाव तेच राहतं. लोक फक्त २१ फॉरवर्ड करतात आणि रेंज विसरतात, लॉगिन होऊन यादी न येण्याचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच.

टेस्ट ऑफिसच्या वायफायवरून करू नका. आतून बाहेरचा पत्ता टाकला की बरेच राउटर परत आत वळवत नाहीत, आणि सगळं बरोबर असून चुकलेलं दिसतं. मोबाइलचा डेटा चालू करून हॉटस्पॉटवरून बघा.

सगळं केलं तरी बाहेरून नाही

राउटरच्या पेजवर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा, आणि गुगलवर "माझा आयपी" टाकून येतो तो बघा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. वॅनचा पत्ता १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या पुढं अजून एक राउटर आहे, बहुतेक वेळा फायबरवाल्यानं लावलेला डबा. त्याला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो राउटरचं काम न करता कनेक्शन नुसतं पुढं देईल असा) टाकायला सांगा किंवा त्यातही फॉरवर्डिंग करा. त्या डब्याचा वॅन पत्ता पण खासगी निघाला तर मात्र अडचण पुढं, नेटच्या कंपनीकडं आहे.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर कंपनीनंच पुष्कळ गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागं ठेवलंय. इथं तुम्ही राउटरमध्ये काहीही उघडा, काहीच होणार नाही, कारण दार तुमच्या ताब्यातच नाही. स्टॅटिक आयपी मागा, महिन्याला थोडे जास्त पैसे घेतात. नाहीतर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्याच मशिनांना जोडणारा खासगी रस्ता) लावा, मग पोर्ट फॉरवर्डिंगच लागत नाही, आणि खरं सांगायचं तर माणसं ठरलेली असतील तर मी आता हेच लावून देतो. फक्त टेलस्केल पण नॅसला १०० नं सुरू होणारा पत्ता देतं, तो बघून गोंधळू नका. तपासायचा तो राउटरचा वॅन पत्ता.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, मधे कुणीही वाचू शकतो. बाहेरून वापरायचं तर टीएलएसवालं (म्हणजे बोलणं कुलूपबंद करून पाठवणारं) एफटीपीएस लावा किंवा एसएफटीपी. दोन्ही वेगळे आहेत, एसएफटीपी हे एसएसएच या दुसऱ्याच सुरक्षित पद्धतीवर, पोर्ट २२ वर चालतं आणि एकाच कनेक्शनमध्ये सगळं नेतं, त्यामुळं पॅसिव्हची भानगडच नाही. एफटीपीएस लावल्यावर चालत असलेलं अचानक बंद पडलं तर कारण असं: काही राउटर पोर्ट २१ चं बोलणं ऐकून दुसरं कनेक्शन आपोआप उघडून देतात, टीएलएसमुळं त्यांना काही ऐकू येत नाही, आणि रेंज फॉरवर्ड केलेली नसल्याचं तेव्हा उघडं पडतं. ५२२ येऊन सेशन रीयूजबद्दल काही लिहिलेलं असेल तर तुमचा प्रोग्राम जुना आहे, अपडेट करा. सर्टिफिकेटची मुदत आणि नॅसचं घड्याळ पण बघा.

अ‍ॅनॉनिमस लॉगिन कधीच चालू ठेवू नका. नॅसचं अ‍ॅडमिन पेज तर इंटरनेटवर उघडूच नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

नॅस बीप करतोय, रेड डिग्रेडेड (एकत्र जोडलेल्या डिस्कांमधली एखादी गेली) दाखवतोय: एफटीपी सोडा, आधी महत्त्वाचं बाहेर कॉपी करून घ्या. कुठली डिस्क गेली याची शंभर टक्के खात्री नसेल तर डिस्क ओढू नका, चांगली ओढली तर सगळं जातं. व्हॉल्यूम क्रॅश्ड म्हणतोय आणि इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करू का असं विचारतोय: नाही म्हणा, बंद करा, डिस्कांवर क्रमांक लिहून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या. डिस्कमधून टकटक आवाज येतोय: लगेच बंद, परत चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी आतली तबकडी अजून खरवडली जाते. फाइलींच्या नावापुढं भलतंच एक्स्टेन्शन आणि पैसे मागणारी चिठ्ठी: लॅनची केबल काढा, काही डिलीट करू नका.

पाण्यात गेलेली डिस्क हा आपल्याकडचा वेगळा विषय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तळमजल्यावरचे कॉम्प्युटर, नॅस सगळे बुडाले. अशी डिस्क उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर मारू नका, तांदळात घालू नका, चालू तर अजिबात करू नका. चिखल आत वाळला की चिकटून बसतो. ओलसर फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तशीच लॅबला पाठवा. आणि गावभागात किंवा नदीच्या बाजूला ऑफिस असेल तर नॅस वरच्या मजल्यावर हलवा, आजच.

हॉस्पिटलचे रिपोर्ट, सीएकडचा गिऱ्हाइकांचा डेटा असं काही असेल तर राउटर-फायरवॉलचं काम पण स्वतः शिकत शिकत करू नका, माहीतगार माणसाकडून करून घ्या.

माणूस बोलवायचा असेल तर फोन करायच्या आधी एवढं जवळ ठेवा: नॅसचं आणि राउटरचं मॉडेल, राउटरचा वॅन पत्ता, फाइलझिलाचा लॉग पूर्ण कॉपी केलेला (यूजरचं नाव झाकून), टेस्ट ऑफिसमधून केली की मोबाइल डेटावरून, आणि शेवटचं चालत होतं त्यानंतर काय काय बदललं. लाइट गेली होती का, नेटवाला येऊन गेला का, पासवर्ड बदलला का. एवढं असलं तर बऱ्याचदा कुणाला यायची पण गरज पडत नाही, फोनवरच निघतं.